बडोद्याचे टाक, नॉरिचचं स्वयंपाकघर

2024 च्या दिवाळीत आत्याच्या घरी देवांची वाटणी झाली. दांडियाबाजारातलं जुनं घर विकलं गेलं होतं. भांडी, पाट, काकांची (आत्याच्या यजमानांची) पुस्तकं, माळ्यावरचा तांब्याचा बंब, सगळ्याची सोय लागली होती. राहिले होते देवघरातले पाच टाक, म्हणजे देवांच्या प्रतिमा उठवलेले चांदीचे छोटे पत्रे. देव थोरला मुलगा नेणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं, कारण रीतच तशी. त्यानं नको म्हटलं. आणि धाकट्या मुलीनं ते मागून घेतले. याच मुलीनं तीन वर्षांपूर्वी इंग्लंडच्या जनगणनेत स्वतःच्या नावापुढे ‘धर्म नाही’ या चौकटीत खूण केली होती.

मी चोवीस वर्षं कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं. आधुनिक समाजात धर्माचा प्रभाव कसा ओसरतो हा भाग दर वर्षी फळ्यावर आकडे मांडून शिकवायचे. त्या दुपारनंतर मला ते आकडे पुन्हा उघडून बसावंसं वाटलं. आत्या, आतेभाऊ आणि आतेबहीण तिघांनीही लिहायला होकार दिला. नावं घालू नकोस, एवढीच अट.

माणसं

आत्या 78 वर्षांची. लग्न होऊन दांडियाबाजारात आली ती तिथलीच झाली. सासरचं घराणं चार पिढ्या गायकवाडांच्या चाकरीतलं, आधी कारकुनी, मग मास्तरकी. घरात मराठी, ओट्यावर गुजराती. कुलदैवत जेजुरीचा खंडोबा आणि तुळजापूरची भवानी. देवउठी एकादशीला मांडवीजवळच्या विठ्ठलमंदिरातून वरघोडा निघतो (बडोद्यातला मराठी माणूसही पालखीच्या मिरवणुकीला वरघोडाच म्हणतो), त्या दिवशी ती गुडघे दुखत असले तरी रस्त्यावर जाऊन उभी राहायची. पण ‘तू धार्मिक आहेस का?’ असं तिला विचारलं तर ती गोंधळते. म्हणते, “धार्मिक म्हणजे ती कीर्तनाला जाणारी माणसं. मी आपलं घरचं करते.”

काका 2023 मध्ये गेले. त्याच सुमारास आत्याच्या हातांना कंप सुटला. टाकांना गंध लावताना बोट हलायचं आणि गंध देवाच्या डोळ्यावर जायचं. “देवाला आंधळा करतेय मी,” असं ती एकदा मला म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जुन्या पाद्रा रोडवरच्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलं तेव्हा तिनं एकच हट्ट धरला, की माझ्या हयातीत देव कुणाच्या तरी ओटीत घालायचे. माझ्यामागे त्यांची फरफट नको.

मुलगा लेस्टरला, 2004 पासून. फार्मसिस्ट आहे. बायको गुजराती, कारेलीबागेतली, माहेर स्वामिनारायण संप्रदायातलं. मुलगी नॉरिचला, 2007 पासून, वनस्पतिशास्त्रात संशोधन करते. नवरा इंग्रज, शाळेत इतिहास शिकवतो. त्यांचा एक मुलगा, आता तेरा वर्षांचा.

फॉर्म

इंग्लंड आणि वेल्समधली जनगणना 21 मार्च 2021 ला झाली. धर्माचा प्रश्न ऐच्छिक होता, तरी 94 टक्के लोकांनी उत्तर दिलं. प्रश्न साधा होता, ‘तुमचा धर्म कोणता?’ पर्यायांत सगळ्यात वर ‘धर्म नाही’, त्याखाली ख्रिश्चन, मग बाकीचे.

लेस्टरच्या घरात फॉर्म आतेभावानं भरला. चौघांपुढे ‘हिंदू’. त्याला या प्रश्नापाशी थांबल्याचं आठवतसुद्धा नाही. “त्यात विचार काय करायचा? नाव विचारलं, नाव सांगितलं.”

नॉरिचच्या घरात आतेबहिणीनं भरला. नवरा म्हणाला, ‘धर्म नाही’. मुलाला विचारलं तर त्यानं खांदे उडवले, त्याच्याही नावापुढे तेच आलं. स्वतःच्या नावापाशी मात्र ती अडली. “दहा मिनिटं नुसती बसून होते. देव आहे असं मला वाटत नाही. प्रार्थना करत नाही. मेल्यावर काही उरतं असंही वाटत नाही. मग ‘हिंदू’ लिहिणं मला खोटं वाटलं. खूण केली, आणि केल्यावर आईला फसवल्यासारखं वाटलं.”

एकाच आईची दोन मुलं, एकाच देवघरासमोर शुभंकरोति म्हटलेली, एकाच फॉर्मवर दोन टोकांना. पण दोघांची उत्तरं शेजारी ठेवून पाहिली की लक्षात येतं, त्यांनी प्रश्नच वेगवेगळा ऐकला होता. भावाला ऐकू आलं, ‘तुम्ही कोण?’ बहिणीला ऐकू आलं, ‘तुम्ही काय मानता?’ दोघांनीही ऐकलेल्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर दिलं.

शहरांचाही यात हात आहे. लेस्टरमध्ये 2021 ला हिंदू 17.9 टक्के होते, ख्रिश्चन 24.7, मुस्लीम 23.5 आणि धर्म नसलेले 23. बेलग्रेव्ह रोडवर मेथीच्या जुड्यांपासून वाघबारशीच्या रांगोळीपर्यंत सगळं मिळतं. तिथं माणूस समोरच्याला आडनावावरून, गावावरून, मंदिरावरून ओळखतो, आणि धर्म हा त्या ओळखीतलाच एक भाग असतो. नॉरिचमध्ये धर्म नाही म्हणणारे 53.5 टक्के, देशातल्या सगळ्यात जास्त प्रमाण असलेल्या जागांपैकी एक. तिथं आतेबहिणीला सतरा वर्षांत कुणी तिचा धर्म विचारलेला नाही. शेजारी पावसाबद्दल बोलतात, बागेबद्दल बोलतात.

दोन्ही शहरांत रिकामी पडलेली चर्च आहेत, त्यांचं पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. लेस्टरला ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एका चर्चचं जैन मंदिर झालं, दर्शनी भाग पांढऱ्या संगमरवराचा. नॉरिचला सेंट जेम्स हे मध्ययुगीन चर्च आज बाहुल्यांचं नाट्यगृह आहे. भाऊ राहतो तिथं एका धर्माची जागा दुसऱ्या धर्मानं घेतली, बहीण राहते तिथं ती खेळानं घेतली.

देश निधर्मी होतो म्हणजे कोण होतं?

इथं थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडे ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द आपण राज्यासाठी वापरतो. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीनं तो उद्देशिकेत आला. राज्य कुठल्या एका धर्माचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. माणसं मात्र आपापल्या ठिकाणी भरपूर धर्माची. प्यू या संस्थेनं 2019-20 मध्ये भारतात जवळजवळ 30,000 प्रौढांना विचारलं तेव्हा 97 टक्क्यांनी देवावर विश्वास असल्याचं सांगितलं.

इंग्लंडचं नेमकं उलटं. तिथं राज्याचा धर्म आहे. राजा हा इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख. उमरावांच्या सभागृहात 26 बिशप बसतात आणि कायद्यांवर मतं देतात. सरकारी शाळांत रोज सामूहिक उपासना व्हावी असा कायदा 1944 पासून आहे. आणि याच देशात लोक एकेक करून चर्चमधून बाहेर पडत गेले. इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिश्चन म्हणवणारे 2001 मध्ये 71.7 टक्के होते, 2011 मध्ये 59.3, आणि 2021 मध्ये 46.2. निम्म्याच्या खाली पहिल्यांदाच आले. धर्म नाही म्हणणारे त्याच वीस वर्षांत 14.8 वरून 25.2 आणि मग 37.2 टक्क्यांवर गेले. म्हणजे 2 कोटी 22 लाख माणसं.

या 2 कोटी 22 लाखांत माझी आतेबहीण एक. म्हणून मला हा आकडा आता वेगळा दिसतो.

शेजारच्या स्कॉटलंडमध्ये जनगणना एक वर्ष उशिरा, 20 मार्च 2022 ला झाली. तिथला प्रश्न असा असतो की तुम्ही कुठल्या धर्माचे, पंथाचे किंवा धर्मसंस्थेचे आहात? म्हणजे तुमचं नाव कुठल्या वहीत आहे? तिथं 51.1 टक्क्यांनी ‘कुठल्याच नाही’ असं सांगितलं, 2011 मध्ये हे प्रमाण 36.7 टक्के होतं. स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात इतिहासाचेही फरक आहेत, सगळं श्रेय प्रश्नाच्या शब्दांना देणं चुकीचं. पण वहीतलं नाव विचारलं की लोक जास्त सहज ‘नाही’ म्हणतात, हे जगभर सर्वेक्षणं करणारे जाणतात. लेस्टरच्या वहिनींना मात्र हा स्कॉटिश प्रश्न चपखल बसला असता. गुजरातीत सरळ विचारतातच, ‘तमे कोने मानो छो?’ त्या म्हणतात, आम्ही स्वामिनारायणवाळा. झालं उत्तर.

ब्रिटनमधल्या या बदलाबद्दल तिथल्याच अभ्यासकांची दोन मतं मी वर्गात शिकवत असे. ग्रेस डेव्ही यांनी 1994 मध्ये मांडलं की लोक चर्चमधून बाहेर पडले तरी मनातून श्रद्धाळू आहेत: श्रद्धा आहे, सभासदत्व नाही. डेव्हिड व्होआस आणि अलास्डेर क्रॉकेट यांनी 2005 मध्ये त्याला उत्तर दिलं: श्रद्धाही नाही आणि सभासदत्वही नाही. आईबाप दोघे धर्म पाळणारे असतील तर मूल तो पाळण्याची शक्यता साधारण निम्मी, एकच पाळत असेल तर त्याच्याही निम्मी, आणि दोघेही पाळत नसतील तर जवळजवळ शून्य. दर पिढीला धर्म अर्धा होतो, असा त्यांचा हिशेब.

दोन्ही बाजूंनी श्रद्धा आणि सभासदत्व हीच दोन मापं वापरलेली आहेत. आत्याच्या घरातली दुपार या दोन्हींत बसत नाही.

दुपार

भाऊबीज झाली होती. रिकाम्या घरात सतरंजीवर आम्ही पाचजण. आत्यानं टाक तांब्याच्या ताम्हनात काढून ठेवले होते, रिठ्याच्या पाण्यात धुतलेले.

टाक जवळून पाहिले तर कळतं की पूजा म्हणजे घासणंही असतं. दोन बोटं रुंद चांदीचा पत्रा, मागे तांबं. भवानीचा टाक काकांच्या लग्नात नवा केलेला, त्यावर आठही हात मोजता येतात. खंडोबाचा मात्र त्यांच्या पणजोबांच्या वेळचा. त्यावर खंडोबाला चेहराच राहिलेला नाही. नाक, डोळे, मिशा सगळं चार पिढ्यांच्या अंगठ्यांनी पुसून नेलं. घोड्याचे पुढचे दोन पाय, तलवारीचं टोक आणि खाली कुत्र्याचं शेपूट एवढंच बोटाला लागतं. झिजलेले टाक सोनाराकडे देऊन नवे करायचे असतात. आत्यानं ते कधी केलं नाही. सासूबाईंनी हाच घासला होता, म्हणायची.

तिनं ताम्हन मुलाकडे सरकवलं. त्यानं हात जोडले, आणि मग म्हणाला, “आई, माझ्याकडे नको.”

त्याची कारणं मला पोकळ वाटली नाहीत. त्याच्या घरी घरमंदिर आहे, रोजची पूजा आहे, थाळ आहे, मुलं रविवारी सभेला जातात. ती पूजा बायकोनं मनापासून लावली आणि त्यानंही आपलीशी केली. त्या देव्हाऱ्यात खंडोबाचा भंडारा आणि भवानीचं नवरात्र आणून बसवलं तर कुणाचंच नीट होणार नाही. “तिथं ठेवले तर शोभेला राहतील. देव शोभेला ठेवू नयेत, तूच सांगितलंयस.” त्याचा आवाज चिरकला होता. पन्नाशीच्या माणसाला आईसमोर हे बोलणं सोपं नाही.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आतेबहीण म्हणाली, “मला दे.”

आत्या म्हणाली, “तुला? तुझं गोत्र बदललं. आणि तू तर मानत नाहीस.”

“मानत नाही. पण करीन.”

दुसऱ्या दिवशी आत्यानं घरच्या गुरुजींना बोलावलं. बडोद्याच्या पुरोहितांना एक वेगळा वारसा आहे. सयाजीराव महाराजांनी 1915 मध्ये हिंदू पुरोहितांसाठी कायदाच केला होता, परीक्षा देऊन परवाना घेतलेल्यानंच पौरोहित्य करावं असा. मंत्र म्हणणाऱ्याला त्याचा अर्थ कळला पाहिजे, ही त्यामागची तळमळ. आमच्या गुरुजींचे आजोबा ती परीक्षा दिलेले. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “नैवेद्य कोण दाखवणार?” बहीण म्हणाली, मी. “मग देव तिचे,” असं म्हणून त्यांनी चहा मागितला. माहेरचं कुलदैवत लेकीकडे कसं जाईल यावर शास्त्रार्थ होईल अशी माझी अपेक्षा होती. तो झाला नाही. सगळेच गुरुजी असं म्हणतील असा दावा मी करत नाही.

त्या रात्री मला माझ्याच भाषेतली एक गोष्ट नव्यानं ऐकू आली. मराठी घरात कुणी नव्या माणसाला ‘तुमची देवावर श्रद्धा आहे का?’ असं विचारत नाही. विचारतात, ‘तुमच्याकडे काय काय असतं?’ गौरी उभ्याच्या की खड्यांच्या? नवरात्र बसतं का? सटीला तळी भरता का? बोडण असतं का? सुनेला सासू हे सांगते, विहीण विहिणीला विचारते. ‘देवाचं करणं’ हे आपलं क्रियापद आहे. मनात काय आहे ते ज्याचं त्याच्याजवळ. हा प्रश्न जनगणनेच्या फॉर्मवर असता, ‘तुमच्याकडे काय काय असतं?’ असा, तर आतेबहिणीला दहा मिनिटं बसावं लागलं नसतं.

शंभर वर्षांपूर्वी आल्बन विजरी नावाचे इंग्रज प्राध्यापक बडोदा कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवत होते. असा विषय कॉलेजात असावा ही त्या काळात सयाजीरावांनी दाखवलेली दूरदृष्टी. मी स्वतः त्याच परंपरेत शिकले, आणि तत्त्वांची तत्त्वांशी तुलना करायला शिकले. स्वयंपाकघराची स्वयंपाकघराशी तुलना करायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

उचलणं

टाक हातातल्या पिशवीतून गेले, काकांच्या धुतलेल्या रुमालात गुंडाळून. महिन्याभरात चंपाषष्ठी, म्हणजे खंडोबाची सट, आली. 2024 ला ती शनिवारी होती, नाहीतर नोकरी-शाळेच्या दिवशी जमलं नसतं. नॉरिचला सकाळचे अकरा, बडोद्यात दुपारचे साडेचार. मी आत्याच्या फ्लॅटवर होते. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला.

आम्हाला आधी भरीत दिसलं. वांगी ओव्हनमध्ये भाजली होती, कारण त्यांची शेगडी विजेची, जाळ नाही. रोडग्यांसाठी बाजरीचं पीठ, सुकं खोबरं आणि भंडाऱ्याची पुडी आतेभावानं लेस्टरहून कुरिअरनं धाडली होती. आत्याला हे माहीत नव्हतं. पुडीवरची गुजराती अक्षरं स्क्रीनवर दिसली तशी तिनं विचारलं, “ही कुठली?” उत्तर ऐकून ती पदरानं चष्मा पुसत बसली.

देव मायक्रोवेव्हच्या वरच्या फळीवर. समोर छोटी पणती. उदबत्ती नाही, कारण एका दिवाळीत धुराचा अलार्म वाजून सगळी गल्ली गोळा झाली होती. टाक लखलखत होते. आत्यानं विचारलं, रिठा कुठून आणलास? तर आतेबहिणीच्या सासूबाईंनी चांदीच्या काट्याचमच्यांना पुसायचं कापड आणून दिलं होतं, त्यांच्या आईपासून घरात असलेलं.

तळी म्हणजे भंडारा-खोबऱ्याचं ताट, ते उचलायला पाच जण लागतात. आत्याच्या घरी ती पुरुषच उचलायचे, बायका मागे उभ्या. नॉरिचला पाच पुरुष कुठून आणणार? आतेबहीण, नवरा, मुलगा, सासूबाई आणि शेजारच्या पंच्याऐंशीच्या आजी, असे पाच झाले. यातल्या सासूबाईंनी फॉर्मवर ‘ख्रिश्चन’ लिहिलेलं. त्या चर्चला नाताळच्या आदल्या रात्री जातात, बाकी वर्षभर नाही. शेजारच्या आजींनी ‘धर्म नाही’ लिहिलेलं. पण मागच्याच वर्षी त्यांचे यजमान गेले तेव्हा दहनगृहात धर्मगुरू नको म्हणणाऱ्या याच आजींनी तेविसावं स्तोत्र म्हणायला लावलं होतं, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’. यजमानांच्या आईच्या वेळी म्हटलं होतं म्हणून.

ताटाला हात लावण्याआधी सासूबाई थबकल्या. सुनेला त्यांनी हळूच विचारलं, यात मला काही मानावं लागेल का?

ती म्हणाली, “नाही. फक्त उचलायचं.”

आणि पाच जणांनी ताट तीनदा उचललं. ‘सदानंदाचा येळकोट’ एकटी आतेबहीण म्हणाली, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ पाचही जण म्हणाले, जसं जमलं तसं. भंडारा उधळला तो शेजारच्या आजींच्या पांढऱ्या केसांवर पडला आणि फरशीवर सांडला. इकडे आत्या उभी राहिली होती. कंप पावणारे दोन्ही हात तिनं हवेत तसेच वर केले होते, तिच्यासमोर ताट असल्यासारखे.

मी नंतर आतेबहिणीला माझ्या पेशाला शोभतील असे प्रश्न विचारले. त्या वेळी काही जाणवलं का? देव समोर आहे असं? नाही, म्हणाली. शांत वाटलं का? नाही, रोडगा करपेल अशी धाकधूक होती. मग का? ती विचार करून म्हणाली, “बाबांना मी एकदाच रडताना पाहिलं, आजी गेली तेव्हा. त्यानंतर तेराव्या दिवशी ते देव घासत बसले होते. मी विचारलं काय करताय, तर म्हणाले, आईचं काम. मला ते काम कपाटात बंद करून ठेवता येणार नाही. मी देवासाठी करते असं म्हटलं तर खोटं होईल, आणि फक्त आठवण म्हणून करते म्हटलं तरी खोटं होईल. चुकलं तर मला चुकल्यासारखं वाटतं. आठवण चुकल्यावर असं वाटत नाही.”

या शेवटच्या वाक्यावर मी फार वेळ घालवला आहे. ही संस्कृती आहे, धर्म नव्हे, असं म्हणून हे प्रकरण मिटवता येतं, आणि माझे काही सहकारी तसंच म्हणाले. मला ते पटत नाही. संस्कृती हौसेनं केली जाते आणि हौस नसेल तेव्हा सोडता येते. आतेबहिणीनं डिसेंबरच्या थंडीत, कामाचा आठवडा संपवून, ओव्हनमध्ये वांगी भाजली ती हौसेनं नव्हे. तिच्यावर ते लागू होतं. ऋण हा आपल्याकडचा जुना शब्द या जागी नीट बसतो. देवऋण, पितृऋण मानताना मनातल्या श्रद्धेचा पुरावा मागितलेला नाही, फेडायला सांगितलेलं आहे.

तिच्या सासूबाईंचं नाताळच्या रात्रीचं चर्च, आजींचं ते स्तोत्र, याच जातीचं आहे. 2019 च्या उन्हाळ्यात आत्या आणि काका नॉरिचला होते तेव्हा तिथल्या कॅथेड्रलनं मुख्य सभागृहात उंच घसरगुंडी उभारली होती. 1096 मध्ये बांधायला घेतलेलं ते चर्च, छताचं कोरीवकाम जवळून दिसावं आणि न येणारे लोक आत यावेत म्हणून. वर्तमानपत्रांत टीका झाली. आत्याला मात्र काहीच वावगं वाटलं नाही. म्हणाली, “जत्रेत पाळणे असतातच की. पोरं पाळण्यासाठी येतात आणि जाताना नमस्कार करतात.” नातू चारदा घसरला. नमस्कार त्यानं केला नाही, हेही सांगायला हवं.

शंका

तो नातू हीच या प्रकरणातली माझी मोठी शंका आहे. व्होआस-क्रॉकेट यांचा हिशेब त्याच्यापाशी येऊन उभा राहतो. आईबाप दोघांच्याही नावापुढे ‘धर्म नाही’. तळी उचलताना तो हसत होता, वाईट हेतूनं नाही, तेरा वर्षांच्या मुलासारखा. खंडोबाला तो ‘घोडेवाला’ म्हणतो, कारण टाकावर घोड्याचेच पाय तेवढे दिसतात. मराठी त्याला ऐकून कळते, बोलता येत नाही. आईनं केलेलं काम आजोबांच्या हातचं आहे हे आईला ठाऊक आहे, कारण तिनं आजोबांना देव घासताना पाहिलं. यानं आईला पाहिलं, ते महिन्यातून एकदा, पॉलिशच्या कापडानं. एवढं पुरेल का? लेस्टरच्या दोन्ही मुलांना आरत्या पाठ आहेत, सभेतले श्लोक पाठ आहेत, त्यांना घडवायला मंदिर आहे, शिक्षक आहेत, बरोबरीची मुलं आहेत. संस्थेचं बळ काय असतं ते तिथं दिसतं. करणं एकट्या घरावर सोपवलं की ते एका माणसाच्या दमावर चालतं, आणि माणूस दमतो. आतेबहिणीच्या बाजूनं माझं मन असलं तरी हे मला नाकारता येत नाही.

आपल्याकडेही फॉर्म येतोय. भारताची जनगणना 2027 मध्ये होते आहे, या वेळी मोबाईलवरून, हवं तर स्वतःची माहिती स्वतः भरता येईल अशी. 2011 मध्ये धर्म न सांगितलेले सुमारे 28 लाख 70 हजार निघाले होते, लोकसंख्येच्या पाव टक्क्याच्या आसपास. आत्या अर्थात ‘हिंदू’ सांगेल. पण तिच्या फ्लॅटमध्ये आज देव नाहीत. कोनाड्यात जेजुरीची एक तसबीर आहे, आणि रोज सकाळी सातला ती तिच्यासमोर पाट मांडून बसते, हात मांडीवर ठेवून, काही न करता. रविवारी मुलगी फोन लावून टाकांसमोर धरते. आत्या स्क्रीनवर नीट बघते, गंध सरळ लागलंय का.

2025 ची चंपाषष्ठी बुधवारी आली. नवऱ्याची शाळा, तिची प्रयोगशाळा, शेजारच्या आजी दवाखान्यात. पुढच्या रविवारी करू असं ठरलं. रविवारी मुलाची फुटबॉलची मॅच निघाली आणि तो तिकडे गेला. सासूबाई मात्र आल्या, आपणहून, पॉलिशचं कापड घेऊन. तिघांनीच तळी उचलली. संध्याकाळी आतेबहिणीनं फोन करून आईला सगळं सांगितलं, तिथी चुकली तेही, पोरगा नव्हता तेही, पाचाऐवजी तीनच हात होते तेही.

आत्यानं विचारलं, “भरीत केलंस?”

“केलं. त्याच्यासाठी ठेवलंय झाकून.”

“खाल्लं की सांग मला,” आत्या म्हणाली, आणि फोन हातात धरूनच बसून राहिली.